गडगा सरकला तेव्हा आम्ही कुठे होतो?

गेल्या गणपतीत चिपळूणजवळच्या आमच्या गावी गेलो, तर आगराचा गडगा, म्हणजे बागेच्या हद्दीची दगडी भिंत, आत सरकलेला. पंधरा-वीस पावलं तरी. नवे चिरे लालभडक, अजून शेवाळही न धरलेले, आणि आजोबांनी लावलेली हापूसची सात कलमं गडग्यापलीकडे. शेजाऱ्याने चहा दिला, मुलांची चौकशी केली. गडग्याचं विचारलं तर म्हणाला, "मोजणी करून घ्या की." काम आदल्या दिवाळीतच उरकलेलं.

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या मराठी ग्रुपवर हे सांगितलं आणि ठरलेलं वाक्य आलं: भारतात कायदाच नाही हो, इथे असं झालं असतं का?

कायदा आहे, आणि खणखणीत आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ६. जमीन कुणाची, हा प्रश्न त्यात येतच नाही. ताबा माझा होता आणि कायद्याची वाट सोडून तो काढून घेतला, एवढंच दाखवायचं. हुसकणारा खुद्द मालक असला तरी ताबा परत द्यावा लागतो, आणि निकालावर अपील नाही. अट एकच, दावा सहा महिन्यांत हवा. वकिलांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "शिमग्याला आला असतात तर!"

आता मालकीचा दावा लावायचा. त्याला मुदत बारा वर्षांची, पण सगळं सिद्ध करणं आलं. सातबारा बाबा आणि काकांच्या नावे आहे. मात्र तो महसुलाचा उतारा, मालकीचा अखेरचा शब्द नव्हे. म्हणजे जुनी खतं, मोजणीचा नकाशा, हद्दीच्या खुणा आणि ती कलमं कुणी लावली हे सांगणारी म्हातारी माणसं.

इंग्लंडचं म्हणाल, तर इथेही चोर आहेत. २०२१ मध्ये ल्यूटनमधलं एक घर तोतया मालकाने परस्पर विकलं, आणि पोलिसांनी आधी ‘हा दिवाणी मामला’ म्हणून हात झटकले. वाक्य ओळखीचं वाटलं. फरक आहे तो खबर देण्यात. २००२ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत जागेत कुणी दहा वर्षं बसला तरी मालक होत नाही. तो अर्ज करतो, लँड रजिस्ट्री मूळ मालकाला नोटीस धाडते, आणि मालकाने कामाच्या ६५ दिवसांत विरोध केला की बहुतेक अर्ज बारगळतात. (शेजाऱ्याच्या हद्दीला मात्र यात अपवाद आहे, त्यामुळे माझा गडगा इथेही अवघडच गेला असता.) शिवाय आपल्या घरावर कुणी अर्ज टाकला की कळवणारा ई-मेल फुकट मिळतो.

नोटीस आपल्याकडेही आहे. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, धरताना तलाठ्याने चावडीवर कागद लावायचा आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचं. पण चावडीवरचा कागद रेडिंगला कोण वाचणार? गोव्यात परदेशी गेलेल्यांची बंद घरं बनावट कागदांनी विकली गेली, तेव्हा २०२२ मध्ये एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली. ‘पत्त्यावर कुणी नाही’ हेच या धंद्याचं भांडवल.

इथवर मी तावातावाने बोलत होतो. मग खतं शोधताना आजोबांच्या पश्चातचा वारस फेरफार हाती लागला. वारस दोन, बाबा आणि काका. आत्याचं नाव नाही. हक्कसोडपत्रही नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिचा वाटा होता. ती काही परदेशात नव्हती, गुहागरला दिलेली. तिलाही कुणी कळवलं नाही. सासरी गेलेली मुलगी ही आमच्या घरातली पहिली परदेशस्थ, आणि तिचा गडगा आम्हीच सरकवला होता.

वकील म्हणतात, सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरतात. एवढी वर्षं गेली म्हणून तिचा हक्क सहजी बुडत नाही. मी आत्याला फोन लावला. ती हसली. "मला कोण विचारणार होतं रे? आंब्याची पेटी मात्र चुकली नाही हो तुमची."

दाव्यात वादी म्हणून तिचंही नाव घालायचं ठरवलं. ग्रुपवर लिहिलं, तर नेहमीचे बोलके दोघे-तिघे गप्प. संध्याकाळी मुंबईहून काकांचा फोन आला: "ते आत्ता कशाला उकरून काढतोस?"