पुलाला छप्पर कशाला?

अमेरिकेच्या खेड्यांतले छप्परवाले लाकडी पूल फेसबुकवर अधूनमधून दिसतात. लाल पानांची झाडं, खाली नदी आणि कमेंटमध्ये 'किती रोमँटिक!' दिसतातच ते सुंदर, पण या कौतुकात बांधणाऱ्यांची अक्कल झाकली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुलाचा भार पेलतात त्या दोन्ही बाजूंच्या लाकडी कैच्या, म्हणजे तुळया जोडून केलेले सांगाडे. त्यांच्या सांध्यांत पाणी मुरलं की लाकूड कुजतं, आणि उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत निकामी होतो. म्हणून महागाच्या, सहज बदलता न येणाऱ्या लाकडावर स्वस्तातलं, बदलता येणारं छप्पर घालायचं आणि बाजूंना फळ्या ठोकायच्या. कोकणात घर शाकारतात तसं छप्पर नवं करत राहायचं, आतला सांगाडा शंभर वर्षं टिकतो. प्रवाशांना बर्फ लागू नये म्हणून छप्पर, हा समज तर साफ चुकीचा. उलट, घसरगाड्या चालाव्यात म्हणून हिवाळ्यात पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरत!

माझा सगळ्यात आवडता पूल कॉर्निश-विंडसरचा. कनेक्टिकट नदीवर, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या दोन राज्यांच्या मध्ये. त्याच जागेवरचे आधीचे पूल गेल्यावर जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी १८६६ मध्ये तो ९,००० डॉलरमध्ये उभा केला. लांबी सुमारे ४४९ फूट, आणि मध्ये पात्रात एकच खांब! म्हणजे प्रत्येक गाळा (दोन आधारांमधला भाग) दोनशे फुटांच्या वर, तोही लाकडाचा. इथिएल टाउन या वास्तुरचनाकाराने १८२० मध्ये पेटंट घेतलेल्या तिरक्या लाकडांच्या जाळीवर त्याची रचना बेतलेली आहे. टाउनची जाळी फळ्यांची होती. इथे जाड चौकोनी तुळयांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवल्या आहेत. घोडे न पळवता चालवतच न्या, नाहीतर दोन डॉलर दंड, अशी पाटी आजही तोंडावर आहे. टोल १९४३ पर्यंत घेत.

१९८७ मध्ये तो दुरुस्तीसाठी बंद झाला आणि १९८९ मध्ये पुन्हा खुला झाला. अशा पुलात नवं लाकूड घातलं की 'मग जुना कसला?' असं विचारणारे भेटतात. मला हा आक्षेप अजिबात पटत नाही. झिजेल ते बदलायचं, हे तर छप्पर घातलं तेव्हाच ठरलं होतं.

छप्पर पावसापासून वाचवतं, पुरापासून नाही. न्यूयॉर्क राज्यातला १८५५ चा ब्लेनहाइम पूल, २१० फुटांचा एकच गाळा, २०११ च्या आयरीन वादळात वाहून गेला. लोकांनी हट्टाने तो पुन्हा बांधला, २०१८ मध्ये पूर्ण झाला. माणसं त्यावरून पायी जातात. तो खर्च मला योग्यच वाटतो. पण कॉर्निश-विंडसरवरून आजही मोटारी जातात, याचं मोल मला जास्त आहे. रोज वापरात असलेल्या पुलाचं गळकं छप्पर कुणीतरी वेळेवर बघतं. तिकडे राहणाऱ्या मित्रांनो, गेलात तर फोटो बाहेरून काढाच, पण आत थांबून ती जाळी नक्की बघा.