पीटीचा तास कापू नका हो

गेल्या आठवड्यात मुलगा शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि सरळ आरशासमोर जाऊन उभा राहिला. दहा वर्षांचा आहे. शर्ट वर करून पोट बघत होता. काय झालं रे विचारलं तर म्हणाला, आई आज सगळ्यांचं वजन केलं, बाई मोठ्याने आकडा सांगत होत्या आणि मॉनिटर वहीत लिहीत होती, माझा आकडा आला तेव्हा मागच्या बाकावरचे हसले. दुसऱ्या दिवशी डबा जसाच्या तसा परत आला. तिसऱ्या दिवशी अर्धा.

शाळेत 'हेल्दी लाइफस्टाइल प्रोग्राम' सुरू झालाय, त्याची ही सुरुवात होती म्हणे.

शाळेचं नाव लिहिणार नाही, कोणी विचारू नका. बाईंवर राग काढायलाही हे लिहीत नाहीये, त्यांना वरून सांगितलं तसं त्यांनी केलं. पण या विषयावर मी बरेच महिने वाचतेय, घरातच प्रश्न आहे त्यामुळे वाचावंच लागलं, आणि जे वाचलं ते इतर आईवडिलांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं म्हणून एवढं लांब लिहितेय.

आधी एक गोष्ट. 'गुटगुटीत आहे, उंची वाढली की आपोआप बारीक होईल' हे मीसुद्धा चार वर्षं ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला. काही मुलांचं होतं तसं, पण बऱ्याच जणांचं होत नाही, लहानपणचं जास्तीचं वजन मोठेपणीही बरोबर येतं. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा, ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये १९९० साली जगभरात ८ टक्के मुलांचं वजन जास्त होतं, २०२२ मध्ये तेच २० टक्के झालं. म्हणजे ३९ कोटींहून जास्त मुलं, त्यातली १६ कोटी लठ्ठ या गटात. पूर्वी मोठ्यांचा म्हणून ओळखला जायचा तो टाइप २ डायबेटिस आता शाळकरी वयात दिसतोय, फॅटी लिव्हर, बीपी, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, हेही. त्यामुळे शाळेने यात लक्ष घालूच नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट शाळेनेच घालावं.

कारण सांगते. अमेरिकेत बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या सुमारे १८ हजार मुलांचं वजन २०१० ते २०१३ वर्षातून दोनदा मोजत गेले, शाळा सुरू होताना आणि संपताना. त्या काळात लठ्ठ मुलांचं प्रमाण ८.९ वरून ११.५ टक्क्यांवर गेलं, आणि ही सगळीच्या सगळी वाढ उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये झाली होती, शाळेच्या महिन्यांत नाही! मी हे दोनदा वाचलं. म्हणजे खाण्याच्या ठरलेल्या वेळा, हाताशी नसलेला मोबाईल, वेळेवर झोपणं उठणं, एवढ्यानेच मूल सांभाळलं जातं. शाळेचा साधा दिवस हेच मोठं औषध आहे, फक्त तो दिवस नीट असायला हवा.

आणि तिथेच गडबड आहे. प्रोग्राम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, एक आहारतज्ज्ञ येऊन भाषण देणार, मुलं भाज्याफळांचे पोस्टर काढणार, एक दिवस रॅली, फोटो, संपलं. इंग्लंडमध्ये वेव्हज नावाचा अभ्यास झाला, ५४ प्राथमिक शाळा, त्यात रोज ३० मिनिटं जास्तीचा व्यायाम, पालकांना बोलावून स्वयंपाकाचे वर्ग, फुटबॉल क्लबचे लोक येऊन शिकवणार, किती छान वाटतं ना ऐकायला, पण वर्षभर करूनही वजनात म्हणावा असा फरक आला नाही. २०१८ मध्ये निकाल छापून आला. एका कारणाची नोंद तिथेच आहे, सगळ्या शाळांना ठरल्याएवढं करताच आलं नाही, रोजची ३० मिनिटं तर अनेक ठिकाणी झालीच नाहीत. मला हे वाचून शिक्षकांचं वाईट वाटलं. त्यांच्या टाइमटेबलमध्ये काहीच कमी न करता वरून एक ओझं टाकलं की दुसरं काय होणार.

आता पीटीच्या तासावर येते, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. आठवड्यात दोन तास पीटी, त्यातल्या एकाला गणिताचे सर येतात, 'पोर्शन राहिलाय'. परीक्षा जवळ आली की दुसराही जातो. पाऊस आला की वर्गात गप्प बसा. बरं जो तास होतो त्यात काय होतं तेही बघा, दोन कॅप्टन टीम निवडतात आणि जाड मुलगा सगळ्यात शेवटी उरतो, तो लवकर आउट होतो आणि मग पाऊण तास कडेला बसून बघतो. म्हणजे ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात कमी हलतो. आणि कोणी बोललं, गृहपाठ विसरला, की शिक्षा काय? मैदानाला पाच फेऱ्या. पळणं ही शिक्षा आहे हे आपणच शिकवतो आणि मग म्हणतो मुलं हल्ली पळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. रोज. हे आठवड्यातून एका तासात कसं बसवायचं ते मला कोणीतरी सांगा.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, इलेन वायली, त्यांनी २०१२ मध्ये एक सोपी गोष्ट सुरू केली. रोज १५ मिनिटं सगळा वर्ग बाहेर, ज्याला पळायचं त्याने पळा, ज्याला चालायचं त्याने चाला, वेगळे कपडे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाही, बाई पण बरोबर. आणि परत वर्गात. पुढे संशोधकांनी त्या शाळेची शेजारच्या शाळेशी तुलना केली तर या मुलांचा दम वाढलेला आणि अंगावरची चरबी थोडी कमी. फार मोठा फरक नाही, मी फुगवून सांगणार नाही. पण कुणालाही वेगळं काढलं नाही हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरं उदाहरण पाण्याचं. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेन या शहरांतल्या ३२ प्राथमिक शाळा घेतल्या, काही शाळांत पाण्याचे नळ बसवले, प्रत्येक मुलाला बाटली दिली, पाण्यावर चार धडे घेतले. वर्षाअखेरीस त्या शाळांमध्ये मुलांचं वजन जास्तीच्या गटात जाण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी निघाला. पाणी हो, नुसतं पाणी. आमच्याकडे मुलं बाटली तशीच परत आणतात कारण टाकीचं पाणी गरम येतं आणि शौचालय घाण असतं म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग सुटल्यावर तहान भागवायला गोड पेय. यासाठी भाषण नको, नळ आणि स्वच्छ शौचालय हवं.

पण एक वर्ष करून सोडलं तर? इंग्लंडमध्येच क्राइस्टचर्चच्या सहा शाळांत गोड फसफसणारी पेयं कमी करायला शिकवलं, वर्षभरात चांगला फरक दिसला, आणि शिकवणं थांबवून दोन वर्षं झाल्यावर बघितलं तर तो फरक राहिलाच नव्हता. याच्या उलट फ्रान्समधली फ्लर्बे आणि लावांती ही दोन छोटी गावं, १९९२ ला शाळेतल्या आहारशिक्षणापासून सुरुवात केली, पहिली काही वर्षं वजनं वाढतच होती, तरी त्यांनी सोडलं नाही, पुढे खेळाच्या सोयी, डॉक्टर, दुकानदार सगळे त्यात आले. २००४ मध्ये तिथे जास्त वजनाची मुलं ८.८ टक्के होती आणि तशाच शेजारच्या गावांत १७.८. बारा वर्षं लागली त्याला. आपण बारा आठवडे तरी धीर धरतो का?

आणि वजनकाटा. कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांमध्ये सुमारे २९ हजार मुलांवर तपासलं की शाळेत वजन करून घरी रिपोर्ट पाठवला तर काही उपयोग होतो का. वजनावर काहीही परिणाम नाही. पण शाळेत ज्यांचं वजन केलं त्या मुलांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी मात्र वाढली. माझ्या घरात आरशासमोर जे उभं होतं ते हेच होतं. डॉक्टरांनी तपासावं, बंद खोलीत, आईवडिलांसमोर, गरज असेल तर जरूर. वर्गात नाही.

घरचं काय असं कोणीतरी विचारेलच, तर हो, घरचं आहेच. झोप उशिरा व्हायची आमच्याकडे, जेवताना स्क्रीन चालायचा, ते आम्ही बदलतोय, अवघड जातंय पण बदलतोय. तरी मूल दिवसाचे सहासात तास तिथे असतं आणि तिथलं मैदान मी घरात आणू शकत नाही.

मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलंय. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही. फेऱ्या ही शिक्षा बंद. वर्गात वजन बंद आणि ती वही बाईंनी फाडून टाकावी. गार पिण्याचं पाणी प्रत्येक मजल्यावर. आणि मधल्या सुट्टीत आधी खेळ मग डबा असं करून बघता येईल का, कारण अमेरिकेत यूटामधल्या शाळांत एवढंच बदललं तर मुलांचं फळंभाज्या खाणं निम्म्याहून जास्त वाढलं, नाहीतर खेळायला पळायच्या घाईत डबा तसाच राहतो हे सगळ्या आयांना माहीतच आहे.

पत्रावर आत्तापर्यंत नऊ पालकांच्या सह्या झाल्यात. आमच्या शाळेतल्या ज्यांना सही करायचीय त्यांनी मला मेसेज करा, सोमवारी शाळा सुटायच्या वेळी मी गेटपाशी पत्र घेऊन उभी असेन. काल डबा पूर्ण संपवून आणला त्याने, पण विचारलं मात्र, आई परत वजन करणार आहेत का. मी म्हटलं विचारून सांगते.