स्पाझावाल्यांना हाकललं की शांतता होते?

जोहान्सबर्गमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड दर थोड्या दिवसांनी नव्याने उगवतं. मजकूर असा: टाउनशिपमधले (वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वसवलेल्या वस्त्यांमधले) सोमाली, इथिओपियन, बांगलादेशी स्पाझावाले मुलांना विषारी खाऊ विकतात, स्थानिकांचा धंदा त्यांनीच बसवला, चर्चेबिर्चेने काही होत नाही, हाकला की शांतता. स्पाझा म्हणजे घराला लागून काढलेल्या खोलीत किंवा जुन्या कंटेनरमध्ये थाटलेलं किराणा दुकान. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांतल्या किती जणांनी तिथून कधी पाव घेतला असेल, देव जाणे.

आधी विषाचं बघू. ऑक्टोबर 2024 मध्ये जोहान्सबर्गच्या सोवेटो टाउनशिपमधल्या नालेदी भागात सहा मुलं दगावली आणि सगळा राग परदेशी दुकानांवर निघाला. तपासात सापडलं टर्बुफॉस. हे शेतीसाठीचं जहाल कीटकनाशक, घरात वापरायला बंदी असलेलं. पण कचरा उचलला जात नाही, उंदीर बोकाळतात, म्हणून तेच रस्त्यावर उंदरांचं औषध म्हणून पुड्यांमधून विकलं जातं. काही दुकानांत त्याचे अंश सापडले, हे खरंच आहे. खाऊशेजारी विष ठेवणारा दुकानदार, मग तो कुठलाही असो, शिक्षेलाच पात्र आहे. पण 15 नोव्हेंबर 2024 च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी सप्टेंबरपासूनच्या अन्नातून विषबाधेच्या 890 घटना आणि किमान 22 बालमृत्यूंचा आकडा देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: हा कुणी रचलेला कट असल्याचा पुरावा नाही, आणि स्थानिकांच्या दुकानांतल्या मालालाही हाच धोका आहे. म्हणूनच त्यांनी दिलेला दुकान-नोंदणीचा आदेश सरसकट सगळ्या दुकानांना होता.

धंदा बसवल्याच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. बरीच स्थानिक दुकानं बंद पडली. पण कशी? सोमाली दुकानदार चार-पाच जण मिळून घाऊक माल उचलतात, गाडीभाडं वाटून घेतात, नफा कमी ठेवतात, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडे असतात. जाळीच्या खिडकीतून एक अंडं, अर्धा पाव, सुटी सिगारेट, एकच डायपर मिळतो. ओळखीच्या आजीला पेन्शनच्या तारखेपर्यंत उधारी मिळते. शिवाय ती खोली बहुतेकदा त्याच वस्तीतल्या कुणाची तरी असते आणि त्या भाड्यावर एक घर चालतं. स्थानिक वाण्याला दुसरा फटका मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांनी दिला. टाउनशिपमध्ये मॉल उभे राहिले, त्यांच्यावर मात्र दगड घेऊन कुणी मोर्चा नेल्याचं फॉरवर्ड काही येत नाही.

आता चर्चेबद्दल. केपटाऊनजवळच्या मासिपुमेलेलेत 2006 मध्ये सोमाली दुकानं लुटली गेली. वस्तीतले पुढारी आणि दुकानदार एकत्र बसले, बोलणी झाली, सोमाली परतले. मे 2008 मध्ये देशभर परदेशींविरुद्ध दंगल पेटली तेव्हा इथूनही परदेशी पळाले. म्हणजे आधीच्या चर्चेने लूट थांबली नाही, हे फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने मांडून ठेवतो. पण पुढचं बघा. इथल्या रहिवाशांनी लुटलेला माल गोळा करून परत दिला आणि पुढाऱ्यांनी निर्वासितांच्या छावणीत जाऊन माफी मागितली. बाकीच्या वस्त्या अजून धुमसत असताना इथे लोकांना परत बोलावलं जात होतं. दोन वर्षांपूर्वी समोरासमोर बसल्यामुळे कुणाकडे जायचं हे तरी माहीत होतं.

चर्चा फसतेही, आणि ती कशी फसते हे जास्त शिकण्यासारखं आहे. 2009 मध्ये केपटाऊनच्याच खायेलित्शा-गुगुलेथू भागात स्थानिक दुकानदारांनी सोमालींना निघून जाण्याची पत्रं पाठवली. मध्यस्थी झाली, रक्तपात टळला, पण तोडग्यात नवी सोमाली दुकानं उघडायची नाहीत असं कलम आलं. दोन्हीकडचे दुकानदार टेबलाशी होते, पोलीस होते. स्वस्त पाव घेणारी बाई नव्हती. तिला विचारलं असतं तर हे कलम तसंच राहिलं असतं का, मला शंका आहे. आणि धमकीखाली सही केलेला कागद किती टिकणार? आपला कायदेशीर हक्क काय आहे हे माहीत असलेला माणूसच नीट वाटाघाट करू शकतो. तो हक्क सर्वोच्च अपील न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये लिंपोपो प्रांतातल्या खटल्यात उघडपणे मान्य केला: निर्वासित आणि आश्रय मागणारे दुकान चालवू शकतात. परदेशी हुडकायला ओळखपत्रं मागत फिरणाऱ्या टोळक्याशी मात्र चर्चा कसली करायची? तिथे पोलीस आणि कोर्टच हवं.

राहिलं ‘हाकला की शांतता’. 2008 च्या दंगलीत 62 माणसं मेली, त्यांतली 21 दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती. सप्टेंबर 2019 मध्ये अशाच दंगलीत 12 मेली, त्यांतली 10 स्थानिक. जमाव एकदा बाहेर पडला की पासपोर्ट तपासत बसत नाही. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने 1972 मध्ये तिथल्या आशियाईंना 90 दिवसांची मुदत देऊन काढलं, दुकानं मर्जीतल्यांना वाटली, आणि थोड्याच काळात फळ्या रिकाम्या झाल्या. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुसेवेनींनी त्याच लोकांना परत बोलावून मालमत्ता परत द्यायला घेतल्या.

आणि हे आपल्या ग्रुपवर फिरावं याचं मला जास्त नवल वाटतं. जानेवारी 1949 मध्ये डर्बनमध्ये एका भारतीय दुकानदाराने एका आफ्रिकन पोराला मारलं, तेवढ्या ठिणगीवर दंगल झाली आणि 142 जण मेले. तेव्हा ‘बाहेरचा दुकानदार’ म्हणजे आपण होतो. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि इथल्या भारतीयांची संघटना असलेल्या साउथ आफ्रिकन इंडियन काँग्रेसचे पुढारी त्यानंतर महिन्याभरात एकत्र बसले. त्यांच्यात आधीच, 1947 मध्ये, ए. बी. क्सुमा, दादू आणि नायकर या तीन डॉक्टरांनी सहकार्याचा करार केलेला होता. 1952 च्या वर्णभेदी कायद्यांविरुद्धच्या कायदेभंगात दोन्ही संघटनांचे लोक एकत्र तुरुंगात गेले.