फोटोसोबत जाणारा कागद

महाराष्ट्रात फोटोग्राफीच्या शिक्षणाची चर्चा निघाली की ती फिरून फिरून तीनच प्रश्नांवर येते. लॅबमध्ये कॅमेरे कोणते आहेत? परदेशी विद्यापीठाशी करार आहे का? मुलांचं इंग्रजी कसं आहे? हल्ली त्यात एआयची भर पडली आहे. जर्मनीत बसून ही चर्चा वाचताना वाटतं, की आपल्या मुलांचं काम जिथे अडतं ती जागा यात येतच नाही. फोटो चांगला असतो. त्यासोबतचा मजकूर, परवानगी आणि करार मात्र नसतो.

इथे फोटोग्राफी हा रीतसर उमेदवारी करून शिकायचा व्यवसाय आहे. तीन वर्षं, काही दिवस व्यवसाय-शाळेत आणि बाकीचे स्टुडिओत. प्रकाशयोजनेबरोबरच कोटेशन कसं काढायचं आणि वापराचे हक्क कसे द्यायचे, हे त्याच शिक्षणात येतं. आपल्याकडे हे सगळं ‘कामाला लागल्यावर कळेल’ म्हणून सोडून देतात. लग्नसराईत एखाद्या सीनियरच्या हाताखाली तयार झालेल्या मुलाला करार म्हणजे ॲडव्हान्सची पावती एवढंच ठाऊक असतं.

सर्वात सोप्या गोष्टीपासून सुरुवात करू: फोटोओळ. ससून डॉकवरच्या फोटोखाली ‘सागरकन्यांची पहाट’ असं लिहून पाठवलं, तर इथल्या संपादकाला त्याचा काही उपयोग नाही. त्याला हवं ते असं: ‘कुलाब्याच्या ससून डॉकवर पहाटेच्या लिलावानंतर कोळंबी सोलणाऱ्या महिला. मुंबई, महाराष्ट्र, भारत, १२ जानेवारी २०२५.’ कोण, काय, कुठे, कधी. माणूस ठळक दिसत असेल तर त्याचं नाव, स्पेलिंग विचारून घेतलेलं. हा मजकूर वेगळ्या वर्ड फाइलमध्ये ठेवून चालत नाही. तो फोटोच्या फाइलमध्येच, आयपीटीसीच्या (फोटोची माहिती फाइलमध्ये साठवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या) रकान्यांत भरावा लागतो: वर्णन, फोटोग्राफरचं नाव, कॉपीराइट, शहर, देश, कीवर्ड. ॲडोबी ब्रिज हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात हे रकाने भरता येतात. नाव आणि कॉपीराइटचा साचा एकदा करून ठेवला की तो शेकडो फोटोंना एका झटक्यात लागतो. पुढे घोळ होतो तो पाठवताना. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की हे रकाने गळून पडतात आणि फाइलही आकसते. मूळ फाइल ड्राइव्हच्या लिंकनेच पाठवावी.

खरी मेख हक्कांत आहे, आणि या बाबतीत आपला भारतीय कायदा मुलांच्या विरुद्ध बाजूने सुरू होतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं, की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक तो काढून घेणारा. जर्मनीत हे बरोबर उलटं आहे. हक्क मुळात फोटोग्राफरचाच, तो विकताच येत नाही, फक्त वापराची परवानगी देता येते. परवानगीत स्पष्ट लिहिलं नसेल तर कामाच्या उद्देशाला लागेल तेवढाच वापर दिला, असं धरतात. त्यामुळे इथला ग्राहक ‘वापर कुठे, किती काळ, कशासाठी’ असं विचारतो तेव्हा तो भाव पाडत नसतो, तो त्याला रोजचा प्रश्न आहे. आपला मुलगा गोंधळतो आणि ‘सगळं तुमचंच’ म्हणून मोकळा होतो. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण भारतीय कायद्यातही त्याच्या बाजूची तरतूद आहे. कलम १९ प्रमाणे हक्क लेखी द्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत नसेल तर पाच वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत असं मानलं जातं. किती कॉलेजांत हे कलम वर्गात वाचलं जातं?

एक उदाहरण घेऊ. नाशिकची द्राक्षं युरोपात येतात. समजा, इथल्या आयातदाराला बागेचे आणि पॅकहाउसचे फोटो हवेत. ‘दिवसाचे आठ हजार’ हे कोटेशन झालं नाही. एका ओळीत शूटिंगचा दिवस, दुसरीत पंधरा तयार फोटो आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीत मदतनीस, गाडी, भाड्याची लाइट. चौथी ओळ वापराची: वेबसाइट आणि व्यापारी प्रदर्शन, युरोपीय संघ, दोन वर्षं, अनन्य हक्क नाही (म्हणजे तोच फोटो इतरांनाही देता येईल). फोटो खोक्यावर छापायचा असेल तर तो वेगळा वापर आणि वेगळी रक्कम. निम्मे पैसे आधी. आदल्या दिवशी शूट रद्द झालं तर किती टक्के द्यायचे, तेही आधीच लिहायचं. चौथी ओळ नसली की तोच फोटो पुढची दहा वर्षं खोक्यावर राहतो आणि बोलायला जागा उरत नाही.

माणसांच्या परवानगीबाबत जर्मनी फार कडक आहे. १८९८ मध्ये बिस्मार्कच्या मृत्युशय्येचा फोटो दोघांनी चोरून काढला. त्या प्रकरणानंतर १९०७ च्या कायद्यात स्वतःच्या छायाचित्रावरचा हक्क आला आणि तो आजही लागू आहे. वारीतल्या वारकऱ्याचा चेहरा परवानगीशिवाय बातमीत चालतो, तेलाच्या जाहिरातीत चालत नाही. मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाचं लेखी संमतिपत्र, एकाच कागदावर मराठीत आणि इंग्रजीत असावा, म्हणजे सही करणाऱ्याला कळतं आणि एजन्सीलाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, शूटची तारीख, सही, साक्षीदाराची सही, अल्पवयीन असेल तर पालकाची. सही जागेवरच घ्यावी. नंतर माणूस सापडत नाही.

तांत्रिक बाजूचं दोनच गोष्टींत सांगतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, पुसू नये. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०१५ मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका मूळ फाइलशी ताडल्यावर बाद झाल्या होत्या. आणि फाइलचा रंग-प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते सांगणारी माहिती) वेबसाठी एसआरजीबी, छपाईसाठी छापखान्याने दिलेला. कुंकवाचा लाल आणि झेंडूचा केशरी कागदावर मेला की दोष कॅमेऱ्याला देतात, तो बहुतेक वेळा प्रोफाइलचा असतो.

परदेशी विद्यापीठाशी करार नाही म्हणून अडलंय, हे मला पटत नाही. ढाक्यात बांगलादेशी फोटोग्राफर शाहिदुल आलम यांनी १९८९ मध्ये दृक ही फोटो एजन्सी काढली, १९९८ मध्ये पाठशाला ही शाळा आणि २००० मध्ये छबी मेळा हा महोत्सव. शाळेच्या शेजारी एजन्सी असल्यावर मुलांना धंद्याची रीत शिकताना पाहायला मिळते, आणि महोत्सवामुळे जगभरचे संपादक ढाक्यात येतात. पुणे किंवा मुंबईत हे अशक्य का असावं?

पैसे येण्याच्या वाटेचाही एक तास ठेवावा. अमेरिकी स्टॉक एजन्सीला (तयार फोटोंच्या वापराची परवानगी विकणाऱ्या कंपनीला) डब्ल्यू-८बेन हा परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकी कर-फॉर्म भरून दिला नाही तर तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीतून ३० टक्के कर कापला जातो. पॅन घालून फॉर्म भरला तर भारत-अमेरिका करारानुसार १५ टक्के. जीएसटी नोंदणी असेल तर कर न भरता परदेशी बिल लावण्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र द्यावं लागतं.

यासाठी नवा विभाग नको, नवी इमारतही नको. अंतिम वर्षाच्या पोर्टफोलिओची अट बदलली तरी पुरे: प्रत्येक फोटोत आयपीटीसी भरलेलं, ओळखू येणाऱ्या माणसाच्या व्यावसायिक फोटोला रिलीज जोडलेला, आणि एका कामाचं वापराच्या ओळीसह पूर्ण कोटेशन. यातलं काही नसेल तर पोर्टफोलिओ तपासायलाच घेऊ नये.