नान्नजच्या माळावरील ‘५८ अंशां’बाबत खुलासा

‘नान्नजच्या माळरानावर हवेचे तापमान ५८ अंश, ४,३२० नोंदींचा पुरावा’ हा सोलापुरात फिरणारा मजकूर चुकीचा आहे. त्या नोंदी ज्याने घेतल्या तो उघड्या मुरमावर उन्हात ठेवलेला डेटा लॉगर (ठरावीक वेळाने तापमान आपोआप नोंदवणारे यंत्र) हवेचे नव्हे, तर स्वतःच्या तापलेल्या कवचाचे तापमान दाखवतो. हवेचे तापमान सावलीत, वारा खेळता ठेवून, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. दर १० मिनिटांनी एक, याप्रमाणे ३० दिवसांत ४,३२० नोंदी होतात हे खरे. परंतु दुपारी २ ची नोंद आणि त्यानंतरच्या दहाव्या मिनिटाची नोंद जवळपास सारखीच येणार, त्यामुळे त्या परस्परांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत आणि सगळ्या नोंदी एकाच जागेच्या असल्याने जागेच्या हिशेबाने नमुना एकच उरतो. माळावरच्या प्राण्याला, उदाहरणार्थ बोरीच्या झुडपाखालच्या सरड्याला, प्रत्यक्षात किती उष्णता सोसावी लागते, हे जाणण्यासाठीही असा लॉगर पुरत नाही; त्यासाठी त्याच्याच आकाराची व रंगाची पोकळ तांब्याची प्रतिकृती तिथे, आणि अशा अनेक जागी, ठेवावी लागते.