विहीर खोदण्याआधी विचारायचा प्रश्न

मी अलिबागजवळच्या एका किनारी गावात वाढलो. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळू लागला की वाळूत डांबराचे गोळे येऊन पडतात, याचे आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. कधी सुपारीएवढे, कधी लिंबाएवढे, वरून वाळू लागलेले आणि आतून चिकट काळे. अनवाणी चालताना ते तळव्याला बसले की साबणाने निघत नसत. मग आई पडवीत बसवून खोबरेल तेलात भिजवलेल्या फडक्याने एकेक डाग खरवडून काढायची. कोळ्यांच्या जाळ्याला ते लागले तर तेवढा भाग कापून टाकावा लागे. हे तेल कुठल्या जहाजाने समुद्रात धुतलेल्या टाकीतले की समुद्रतळाशी फुटलेल्या एखाद्या वाहिनीतले, हे आम्हाला कधीच कुणी सांगितले नाही.

म्हणूनच देशांतर्गत तेल उत्खनन आणि वन्यजीव यांच्याविषयीचा वाद "देशाला तेल हवे की प्राणी" अशा शब्दांत मांडला जातो तेव्हा मला ती मांडणीच चुकीची वाटते. तेल बाहेरून आणले म्हणजे निसर्ग वाचला, असे होत नाही. ते ज्या समुद्रातून टँकरने येते, त्या समुद्राचा किनारा काळा होतो, आणि तो बऱ्याचदा आमचाच असतो. तेलविहिरी नकोतच, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले आणि आजही देशातल्या कच्च्या तेलाचा मोठा वाटा याच पश्चिम समुद्रातून येतो. उरणच्या तेल-वायू प्रकल्पावर आमच्या तालुक्यांतील किती घरे उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझा आक्षेप आहे तो संसदेत, प्रचारसभांत आणि दूरचित्रवाणीवर "समतोल" हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, त्याला. दोन्ही बाजू तो शब्द वापरतात, पण तो समतोल नेमका कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर आणि कुणाला विचारून साधला गेला, हे कुणीच सांगत नाही.

आसामचे उदाहरण घ्या. तिनसुकिया जिल्ह्यात दिब्रू-सैखोवा हे ३४० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे मुक्त फिरणारे जंगली घोडे आहेत, गवताळ प्रदेशात राहणारे दुर्मीळ पक्षी आहेत आणि लगतच्या नद्यांत गंगेतील डॉल्फिन आहे, ज्याला आसामी लोक शिहू म्हणतात आणि ज्याला २००९ मध्ये आपण राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. या उद्यानाच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत, बाघजान गावाजवळ, ऑइल इंडिया या सरकारी तेल कंपनीची पाच क्रमांकाची वायुविहीर होती. २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना तिच्यातून वायूचा अनियंत्रित उद्रेक सुरू झाला. वायूबरोबर वर फेकले जाणारे हलके तेल, म्हणजे कंडेन्सेट, आसपासच्या चहाच्या पानांवर, केळीच्या झाडांवर, घरांच्या पत्र्यांवर आणि मागुरी-मोटापुंग या पाणथळीवर पावसासारखे पडत राहिले. पाण्यावर तवंग आला, मासे मरून तरंगू लागले, एका डॉल्फिनचा मृतदेह सापडला. तेरा दिवसांनी, ९ जूनला, विहिरीने पेट घेतला आणि त्या आगीत दोन अग्निशमन कर्मचाऱ्यांचा जीव गेला. हजारो माणसे छावण्यांत राहायला गेली. भारतीय वन्यजीव संस्थेने पाहणी केली, तेव्हा हवेत आणि पाण्यात मिसळलेल्या प्रदूषकांमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी रसायने असल्याचे तिने नोंदवले. ती विहीर पूर्णपणे शांत व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला.

अपघात कुठेही होऊ शकतो, हे मान्य आहे. पण या घटनेच्या आधीचे कॅलेंडर पाहिले की मन अस्वस्थ होते. १६ जानेवारी २०२० रोजी केंद्राने अधिसूचना काढून तेल आणि वायूच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या खोदकामाला पर्यावरणीय परवानगीच्या अशा वर्गात टाकले, ज्यात सविस्तर आघात अभ्यास, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याची तपासणी, आणि जनसुनावणी यांची गरजच उरत नाही. त्यानंतर ११ मे रोजी, देश टाळेबंदीत असताना, त्याच दिब्रू-सैखोवाच्या पोटाखाली सात ठिकाणी खोदकाम करण्याला पर्यावरणीय परवानगी मिळाली, आणि सोळाव्या दिवशी बाघजानची विहीर फुटली. कंपनीची बाजू अशी होती की यंत्रे उद्यानाबाहेर राहतील, तेथून तिरप्या विहिरी लांबवर नेल्या जातील आणि उद्यानाच्या पृष्ठभागाला धक्काही लागणार नाही. तंत्र म्हणून ते खरे आहे. पण बाघजानची विहीरही उद्यानाबाहेरच होती.

राज्य जैवविविधता मंडळाकडून उद्यानाचा अभ्यास करून घ्यावा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच घातलेली होती. तो अभ्यास झालाच नव्हता म्हणून डिसेंबर २०२० मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाला परवानगी स्थगित करावी लागली. जे काम आधी व्हायला हवे होते, ते दोन माणसे आणि एक पाणथळ गमावल्यावर न्यायालयाने आठवून द्यावे, याला मी समतोल कसे म्हणू?

या घाईमागचे कारण नेहमी आत्मनिर्भरतेचे सांगितले जाते. ते मी गांभीर्याने घेतो, कारण आयातीवरचे अवलंबित्व ही खरी अडचण आहे. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत तेलाची आयात दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते, तेव्हा आपण गरजेच्या सुमारे ७७ टक्के तेल आयात करत होतो. आज ते प्रमाण ८५ टक्क्यांच्याही वर आहे. वाढत्या मागणीपुढे जुनी क्षेत्रे म्हातारी होत आहेत आणि अभयारण्याच्या कडेच्या दोन-चार विहिरींनी हे गणित उलटणार नाही. मग ज्या विहिरींनी देशाचे भवितव्य बदलणार नाही, त्यांच्यासाठी गावाला विचारण्याचे सहा महिने वाचवायची एवढी निकड का असावी?

आसामला तेल नकोसे आहे, असा समज करून घेणेही चुकीचे ठरेल. दिगबोईला १८८९ मध्ये तेल लागले, १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना उभा राहिला, आणि तेलाचा अभिमान त्या मातीत मुरलेला आहे. आसाम आंदोलनाच्या काळात "तेज दिम, तेल निदिओं", म्हणजे "रक्त देऊ, पण तेल देणार नाही", ही घोषणा तेथे दुमदुमली. त्या घोषणेत तेलाला विरोध नव्हता. आमच्या जमिनीखालच्या तेलाचा निर्णय आम्हाला वगळून होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बाघजानच्या मासेमाराचे म्हणणे मला त्याहून वेगळे वाटत नाही.

आता जोरहाट जिल्ह्यातील होलोंगापार अभयारण्याचा विषय आला आहे. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे हे जंगल हुलॉक गिबन या वानराचे घर आहे. हा प्राणी फांदीवरून फांदीवर झुलत जातो आणि सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे मधून गेलेल्या ब्रिटिशकालीन रेल्वेमार्गानेच त्याच्या जंगलाचे दोन तुकडे झाले आहेत. या अभयारण्याभोवतीच्या, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेल्या पट्ट्यात शोधविहीर खोदण्याच्या एका खासगी कंपनीच्या प्रस्तावाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये हिरवा कंदील दिला. तेल सापडले तरी तेथून उत्पादन करणार नाही, अशी हमी त्यासाठी घेण्यात आली आहे. जेथून तेल काढायचेच नाही तेथे खोदायचे कशासाठी, हा माझ्यासारख्या सामान्य माणसाला पडणारा प्रश्न आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर असेलही. पण ते उत्तर देण्यासाठी कुणाला गावात जावे लागणार नाही, कारण २०२० च्या अधिसूचनेने शोधविहिरीला जनसुनावणीच ठेवलेली नाही.

या आठवड्यात मी आमच्या खासदारांना पत्र पाठवले आहे. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या दहा किलोमीटरच्या परिघात होणाऱ्या शोधविहिरींसाठी आघात अभ्यास आणि जनसुनावणी पुन्हा बंधनकारक करावी, आणि विहीर फुटल्यास पहिल्या चोवीस तासांत कोण काय करणार याचा आराखडा स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, एवढ्या दोनच मागण्या त्यात आहेत. पक्षाचा उल्लेख मी मुद्दाम टाळला आहे. पत्राचा मजकूर पहिल्या प्रतिक्रियेत ठेवतो. ज्यांना पटेल, त्यांनी आपापल्या खासदारांना पाठवावा.