पाचशे तीनचं पाणी

वरच्या पाचशे तीनच्या एसीचं पाणी आमच्या ड्राय बाल्कनीत गळतं, अशी लेखी तक्रार आमच्या ह्यांनी सोसायटीला दिली, त्याला यंदा दोन वर्षं झाली. तक्रारीची पोच आहे, तीन स्मरणपत्रं आहेत आणि ओल्या बेडशीटचा तारखेसकट फोटो आहे. ती तक्रार गेल्या महिन्यात ह्यांनी स्वतःच्या हाताने मागे घेतली. एका झाडापायी.

झाड म्हणावं तर त्याला कुंडी नाही, माती नाही. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला लेकीने आंब्याच्या लाकडाची एक वीतभर रुंद फळी आणून दिली. फळीवर तंगुसाने करकचून बांधलेली पट्ट्यांसारखी पाच-सहा पानं, आणि खाली अधांतरी लोंबणारी पेन्सिलीएवढी जाड मुळं. "सीतेची वेणी," लेक म्हणाली. "हे एक ऑर्किड. आसामचं राज्यफूल आहे आणि आपल्या कोकणातल्या झाडांवरही येतं. घाबरू नका, जंगलातून ओरबाडलेलं नाही, नर्सरीत वाढवलंय."

सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी चष्मा लावून फळी उलटसुलट पाहिली. "अगं, हे बांडगूळ. आमच्याकडे कलमांवरचं काढायला माणूस लावायचे. तुम्ही पैसे देऊन आणलंत?"

"आजी, बांडगूळ झाडाचा रस शोषतं. हे शोषत नाही काही. नुसतं आधाराला बसतं."

"बसून असतं आणि करत काही नाही, असंच ना?" सासूबाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांची नजर सोफ्यावरच्या आपल्या मुलाकडे गेली.

फळी ड्राय बाल्कनीच्या भिंतीवर, गिझरशेजारच्या खिळ्याला लागली. जाताना लेकीने नियम सांगितले. रोज सकाळी अंघोळ, उन्हाळ्यात दोनदा. अंघोळ म्हणजे फळीसकट बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवायचं. मुळांवर स्पंजासारखा एक थर असतो, तो कोरडा असला की चंदेरी दिसतो आणि पाणी प्यायला की हिरवा होतो. हिरवा झाला की बाहेर काढायचं. पानांच्या बेचक्यात पाणी साठू द्यायचं नाही, नाहीतर शेंडा कुजतो, म्हणून झाड उलटं करून हलकेच झटकायचं. रात्री ओलं ठेवायचं नाही. खुद्द लेकीला लहानपणी मी इतक्या निगुतीने अंघोळ घातली नव्हती. ती बादलीत बसायची आणि मी पोळ्या लाटायचे.

दोन महिन्यांत मुळांवर पांढरा थर चढला, अगदी कुकरच्या तळाला बसतो तसला. मुळांची हिरवी टोकं काळी पडली. व्हिडिओ कॉलवर लेकीने एकच प्रश्न विचारला, "आई, पाणी कुठलं घालतेस?"

पाणी म्हणजे पाणी. पण आमच्याकडे ते इतकं सोपं नाही. आमच्या सोसायटीच्या जाहिरातीत 'खडकवासल्यापासून फक्त वीस मिनिटांवर' असं छापलं होतं. त्यात खोटं काही नाही. आम्ही खडकवासल्यापासून वीस मिनिटांवरच आहोत. खडकवासल्याचं पाणी मात्र गेली नऊ वर्षं वाटेत आहे. तोवर बोअर आणि टँकर. बेसॉल्टच्या भेगांतून झिरपत आलेलं जड पाणी. डाळ शिजायला शिट्ट्या वाढवून घेतं, बादल्यांना आतून चुन्याची कल्हई देतं आणि माझ्या केसांचा झाडू करतं. आम्ही माणसं त्यावर नऊ वर्षं काढली, कुणी व्हिडिओ कॉल करून विचारलं नाही.

ह्यांनी मीटर मागवला. पेनाएवढा, टोकाला दोन काटे. पाण्यात बुडवला की त्यात विरघळलेले क्षार किती, ते सांगतो. खरं तर तो पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो, पण निवृत्त माणसाच्या हातात आकडा आला की त्याचा अंदाज राहत नाही, तो निकाल होतो. नळाचं पाणी निघालं ८४०. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला सरकारी मानक ५०० चं आहे, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, अशी त्यातच पुढे सोय आहे. या वेणीला मात्र शंभराच्या आतलं हवं. तिच्याकडे 'चालवून घ्यावं' हा रकानाच नाही. जंगलात ती फांदीवर बसून थेट ढगातलं पाणी पिते. कुंडीतल्या झाडाचे क्षार वरून भरपूर पाणी ओतून मातीतून धुऊन काढता येतात. इथे मातीच नाही, मुळं उघड्यावर. पाणी वाऱ्याने उडून जातं आणि क्षार मुळाला चिकटून राहतात.

त्यानंतर घरातली एकही ओली वस्तू मोजल्यावाचून राहिली नाही. ताक, चहा, देवाचं तीर्थ. एकदा आमटीत बुडवला तर चारही आकडे नऊ-नऊ दाखवून मीटरने हात टेकले. "बघ, मीठ किती घालतेस," हे म्हणाले. मी त्या दिवशी मीटर धुतला नाही.

मुख्य शोध लागला तो फिल्टरपाशी. फिल्टरच्या मागच्या नळीतून वाया जाणारं पाणी सासूबाई बादलीत धरतात. त्यात काही चूक नाही, लादी त्यानेच पुसली जाते. पण गेले दोन महिने त्या दुपारी आमचा डोळा लागला की त्यातलंच दोन तांबे 'त्या टांगलेल्या बिचाऱ्याला' घालत होत्या. ह्यांनी त्या बादलीत मीटर बुडवला. १३१०! म्हणजे टँकरमधले जे क्षार आम्ही पैसे मोजून गाळून काढत होतो, तेच गोळा करून झाडाला पाजत होतो.

"मग गाळलेलं घाला," सासूबाई म्हणाल्या, "माझं काय जातंय!" पण एक बादली गाळलेलं पाणी काढायला दोन-तीन बादल्या मागच्या नळीने जाणार, आणि टँकर काही फुकट येत नाही. ह्यांनी मग पाणी उकळून पाहिलं. पाऊण तासाने पातेल्याच्या बुडाला पांढरं बसलं आणि आकडा जरा उतरला. त्या आनंदात आणखी अर्धा तास उकळलं. पाणी आटलं, क्षार आत तेवढेच, आकडा परत वर. सिलिंडर संपला तो निराळा. सेक्रेटरी म्हणाले, "टाकीला सॉफ्टनर बसवू की आपण." तो बसवला की साबणाला फेस येतो, हे खरं आहे. पण तो कॅल्शियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम देतो. मीटर आहे तिथेच राहतो, आणि सोडियमने तर वेणीचं आणखीच वाटोळं.

अशा वेळी चौथं स्मरणपत्र लिहायला घेतलं. ह्यांना वाटलं, हाताशी मीटर आहे तर पाचशे तीनच्या गळतीची शास्त्रीय तपासणीच जोडू. 'सदर पाणी दूषित असून' असं आधी लिहून ठेवलं, आकड्यापुरती जागा मोकळी सोडली आणि रात्री अकरा वाजता टपटप वाटीत धरली.

आकडा आला ११.

ह्यांनी मीटर झटकला, पुसला, परत बुडवला. अकराच. स्मरणपत्रातली मोकळी जागा मोकळीच राहिली.

लेकीला मध्यरात्री फोन गेला. ती म्हणाली, बरोबरच आहे. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून दव धरतं, तसंच एसीच्या गार नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. त्यात क्षार येणार कुठून? पहिलं थोडं वाहू द्या, आतली धूळ येते त्याच्याबरोबर. फडक्याने गाळून घ्या आणि झाडाला घाला. "पिऊ मात्र नका," ती म्हणाली. कोण पिणार आहे ते, असं आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ज्या धारेखाली बेडशीट भिजली म्हणून दोन वर्षं भांडण होतं, तिथे बादली आली. पण एप्रिलमधली पुण्याची हवा इतकी कोरडी, की रात्रभर टपटप होऊन जेमतेम तांब्याभर. त्यात पाचशे तीनवाले काटकसरी. रात्री एक वाजता एसी बंद करून पंखा लावणारे. हे गादीवर उताणे पडून छताचा कानोसा घेत. "बंद केला गं," असं अंधारात म्हणत, तेव्हा त्यांच्या आवाजात खरं दुःख असे. सकाळी लिफ्टमध्ये गाठ पडली की सुरू, "काय उकडतंय हो! एसी लावत जा रात्रभर. बिलाचं काय, तब्येत महत्त्वाची." दोन वर्षांत जो माणूस नमस्काराला मान हलवत नव्हता, तो तब्येत विचारतोय म्हटल्यावर पाचशे तीनवाले तळमजल्यापर्यंत छातीवर हात ठेवून उभे राहत.

मे महिन्यात वळवाचे ढग जमायला लागले, हवा दमट झाली आणि बादली अर्धी भरू लागली. हे ते पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये गाळून ठेवत आणि प्रत्येक कॅनवर पट्टी चिकटवून आकडा लिहीत. वेणीच्या मुळांना नवी टोकं आली, हिरवीगार, डाळिंबाच्या दाण्यासारखी तुकतुकीत. पानांच्या बगलेतून कळ्यांचा एक घोस खाली झुकू लागला.

आणि नेमक्या त्या आठवड्यात, दोन वर्षांनी, सेक्रेटरी प्लंबर घेऊन दारात. "काका, तुमची तक्रार. पाइप आज वळवूनच टाकतो."

हे बादलीपुढे आडवे झाले. प्लंबरने आमच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. सेक्रेटरींना लेखी हवं होतं. ह्यांनी तिथेच फ्रीजवर कागद ठेवून लिहून दिलं, 'सदर गळतीबाबत माझी काहीही हरकत नाही, किंबहुना ती चालू राहावी.' किंबहुनापासून पुढचं मी खोडायला लावलं.

संध्याकाळी पाचशे तीनवाले स्वतः खाली आले. तक्रार मागे घेण्यात काहीतरी डाव असणार, असा त्यांना संशय आला असावा. पण तोंडावर कसं विचारणार? म्हणून आधी पंखा, मग पाऊस, मग पेट्रोल असं करत बसले. त्याच दुपारी आमच्या फिल्टरची मेम्ब्रेन गेली होती. तरी चहाचा ट्रे आला. सासूबाईंनी केला होता, आलं घालून.

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर कॅन उघडा.

"आई, पाणी कुठलं घेतलंत?"

"हे काय, वर लिहिलंय की अकरा. अकरा तारखेचं ना? ताजंच आहे. नळाचं कसं द्यायचं पाहुण्यांना?"

चांगलं खळखळून उकळलंय, एवढाच दिलासा मी मनाशी घेतला आणि बाहेर आले. ह्यांचा कप ओठाजवळ होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी तो सावकाश बशीत ठेवला. पाचशे तीनवाल्यांनी मात्र डोळे मिटून लांब घोट घेतला.

"वा! पाणी कुठलं हो तुमच्याकडे? आमच्या चहाला ही चव नाही. आम्ही वर राहतो, पाणी तेच, पण..."

हे छताकडे बघत राहिले. मी दिवाणाच्या चादरीची सुरकुती काढत होते.

"संकोच करू नका हो," सासूबाई आतून येत म्हणाल्या. "आपलंच समजा."

"मग अर्धा कप आणखी चालेल," पाचशे तीनवाले म्हणाले.